कर्ता कुठाय?

वाडी रत्नागिरीला एसटीतून उतरून देवळाकडं निघालं, की दोन्ही अंगांनी हाका सुरू होतात. नारळ घ्या, दवणा घ्या, चपला हितं सोडा, अभिषेक हाय का, पावणं, हिकडं या. या हाका चुकवत पुढं आलात, तर एका दुकानाच्या कट्ट्यावर एक वयस्कर गृहस्थ बसलेले दिसतील. ते तुम्हाला हाक मारणार नाहीत आणि काही विकणारही नाहीत. जोतिबाच्या डोंगरावर हा अनुभव इतका वेगळा, की माणूस आपसूक थांबतो. तिथंच फसतो.

सदरा कधीकाळी पांढरा असावा. गुलालानं त्याला कायमचा गुलाबी करून टाकलाय आणि काकूंनी तो सोड्यात भिजवायचा नाद सोडून दिलाय. मांडीवर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ पुटपुटताहेत, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. बघणाऱ्याला वाटतं, कुणी मोठा जपी पुरुष असावा. माघातल्या खेट्यांच्या रविवारी तर बायका वाट वाकडी करून त्यांच्या पाया पडून जातात. कुणी खोबऱ्याची वाटी ठेवतं, कुणी दहाची नोट. गृहस्थांचा जप मात्र बारा, अठरा, बारा, अठरा असा चाललेला असतो. ते आर्येच्या मात्रा मोजत असतात.

मध्येच डोळे उघडतात. नोट दिसते.

“हे काय?”

“ठेवलं, म्हाराज.”

“ठेवलं हे क्रियापद झालं. कर्ता कुठाय?”

बाई गांगरते. इकडंतिकडं बघते आणि पदर सावरत सांगते, “मालक व्हय? गाडी लावाय गेल्यात.”

गुरुजी एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले. डोंगरावर सगळे त्यांना तोंडावर ‘गुरुजी’ म्हणतात आणि पाठीमागं ‘कर्तागुरुजी’. वाक्य ऐकलं की त्यातला कर्ता शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हॉटेलात पोरगं म्हणालं, “मिसळ संपली,” तर त्याला सोडतील, कारण तिथं मिसळ हीच कर्ता आहे आणि ती प्रामाणिकपणे संपली आहे. पण “सांगितलं होतं आत” असं म्हणालं की तो मेला. कुणी सांगितलं? कुणाला? काय? केर्लीच्या फाट्यावर कंडक्टरनं “पुढं सरका” म्हटलं, की हे जागच्या जागी उभे राहून शेजारच्याला समजावतात, “इथं कर्ता अध्याहृत आहे. म्हणजे आहे, पण दिसत नाही.” तोवर मागच्या चौघांनी त्यांना पुढं सरकवलेलं असतं.

महाराष्ट्रात गावोगाव असा एकेक इसम आढळतो. त्यानं एक जुना ग्रंथ धरलेला असतो, किंवा ग्रंथानं त्याला. कुणी ज्ञानेश्वरी धरतो, कुणी लीळाचरित्र, कुणी मुक्तेश्वर. पावसात तो स्वतः भिजतो आणि पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहतं. आणि ‘हल्ली कुणी वाचत नाही’ हे त्याचं पालुपद असतं. गुरुजी या जातीतले असूनही या एका बाबतीत वेगळे. हल्लीच्या पिढीबद्दल त्यांची तक्रार नाही, कारण त्यांच्या मते पूर्वीही कुणी वाचत नव्हतं. “पूर्वी पाठ करत होते,” ते म्हणतात. “केकावली घोकली, मार्क घेतले, नोकरीला लागले. पंत पुस्तकातच राहिले.”

पंत म्हणजे मोरोपंत. गुरुजींच्या जगात दुसरे पंत नाहीत. ते त्यांना सापडले हा भूगोलाचा दोष. जोतिबाच्या डोंगरावरून समोर पन्हाळा दिसतो आणि मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये त्या पन्हाळ्यावर जन्मले. घराणं मूळचं कोकणातलं. वडील नोकरीच्या निमित्तानं गडावर आलेले. तिथंच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडं पंतांचं काव्य-अलंकारांचं शिक्षण झालं, आणि मग बाबूजी नाइकांच्या आश्रयाला ते बारामतीस गेले. इकडं जोतिबाच्या देवळाला आजचं रूप राणोजी शिंद्यांनी दिलं ते १७३० मध्ये. गुरुजींना हा योगायोग वाटत नाही. “दोन डोंगरांवर एकदम दोन बांधकामं निघाली,” ते सांगतात. “एक दगडाचं. तिथं लोक जातात. दुसऱ्याच्या दारात मी एकटा उभा.” कड्याशी उभं राहून ते बोट लांब करतात, “तो बघा, आर्येचा गड.” पावणं मंडळी तिकडं तोंड करून हात जोडतात. एखादा हौशी गुलालही उधळतो.

त्यांचं सगळ्यात मोठं समाधान मात्र चैत्र यात्रेत आहे. मोरोपंतांचं निधन १७९४ सालच्या चैत्र पौर्णिमेचं, आणि चैत्र पौर्णिमा म्हणजे जोतिबाची मोठी यात्रा. त्या दिवशी सासनकाठ्या नाचत असतात, ‘चांगभलं’च्या गजरात आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, डोंगरावर तीळ ठेवायला जागा नसते. गुरुजी कट्ट्यावर उभे राहून ती लाखांची गर्दी भरल्या डोळ्यांनी पाहतात. एकदा मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, “पंतांच्या पुण्यतिथीला एवढा समाज महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं जमतो, सांगा? लोकांना कल्पना नसते, एवढंच.”

घरात काकू आहेत म्हणून हा माणूस दोन वेळा जेवतो. संसाराच्या पहिल्या वर्षीच त्यांनी ओळखलं, की या घरात कर्मणी प्रयोगात बोललं तर काम होत नाही. डबा भरून ठेवलाय, असं त्या म्हणाल्या आणि सवयीनं प्रश्न आला, “कर्ता?” काकू म्हणाल्या, “कर्ता मी. आणि माझं कर्म समोर बसलंय.” गुरुजी हा किस्सा स्वतःच सांगतात. बायकोला श्लेष साधतो याचा त्यांना अभिमान आहे. आपण त्यात कुठल्या विभक्तीत सापडलो, हे अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

वर्ग सोमवारी संध्याकाळी भरतो. रविवार देवाचा. सोमवारी डोंगर जरा निवांत असतो, दुकानांपुढचा गुलाल झाडून झालेला असतो आणि माणसांना आपला आवाज परत मिळालेला असतो. जागा त्याच दुकानाच्या मागची खोली. नारळाची पोती हेच बाक. हजेरीपट नाही, पण मंडळी ठरलेली आहेत. दवणा आणि खोबरं विकणाऱ्या मावशी, निवृत्त कंडक्टर मामा, पाळी नसेल त्या आठवड्यात गुरवांचा एक पोरगा, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण, जो पहिल्यांदा केवळ लाइट गेले म्हणून आला होता.

पद्धत अशी. गुरुजी एक आर्या फळ्यावर लिहितात. एकच. ती दोनदा चालीत म्हणतात आणि मग खडू खाली ठेवून म्हणतात, “हं, शोधा.”

मोरोपंतांची आर्या ज्यांनी कधी सोडवली नाही त्यांना यातलं संकट कळायचं नाही. चार चरण, बारा-अठरा-बारा-अठरा मात्रा. शास्त्राच्या काटेकोर हिशेबानं हिला गीती म्हणायचं, आर्या म्हणायचं नाही. हे गुरुजी प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि त्याचा निम्मा उत्साह तिथंच संपवतात. या साठ मात्रांत पंतांनी क्रियापद दुसऱ्या चरणात ठेवलेलं असतं, कर्म पहिल्यात आणि कर्ता चौथ्याच्या टोकाला, एका सामासिक शब्दाच्या पोटात. मध्ये कुणाला तरी हाक मारलेली असते. ती नावानं मारलेली नसते. बापाच्या, आज्याच्या, घोड्यांच्या रंगाच्या किंवा मारलेल्या राक्षसाच्या ओळखीनं मारलेली असते. एकटा अर्जुन घ्या. पार्थ, किरीटी, जिष्णू, श्वेतवाहन, गुडाकेश. “एका शिटावर एवढी नावं?” मामा पहिल्या दिवशी वैतागले होते. “चार्टात चालत न्हाय गुरुजी हे.”

मग शोध सुरू होतो. कुणी म्हणतं कृष्ण बोलतोय, कुणी म्हणतं कर्ण. गुरुजी होय-नाही काही बोलत नाहीत, फक्त “प्रत्यय बघा” म्हणतात. गुरवाचा पोरगा संधी फोडतो, मावशी गोष्टीवरून अदमास बांधतात, मामा राहिलेल्या शब्दांचे हिशेब ठेवतात, कारण तिकिटं फाडताना उरलेलं नाणं कुणाचं हे शोधायची त्यांना जन्माची सवय. अर्धा तास, कधी तास. आणि मग एका क्षणी चौथ्या चरणातला शब्द उठून पहिल्या चरणातल्या शब्दाच्या शेजारी जाऊन बसतो आणि सगळं वाक्य खडखडत उभं राहतं. त्या वेळी खोलीत जो आरडाओरडा होतो तो ऐकून बाहेरच्या लोकांना वाटतं, आत मॅच चालू आहे.

मला यातलं मोल कळलं ते कर्णपर्वाच्या वेळी. शल्य कर्णाचा रथ हाकतोय आणि हाकता हाकता त्याचं मनोबल खच्ची करतोय, असा भाग. आर्या सुटली तशा मावशी ताडकन बोलल्या, “म्हंजे गाडी ह्याची, भाडं ह्याचं, आन् डायवर बसून ह्यालाच घालूनपाडून बोलतोय? आमचा धाकला दीर डिट्टो.” मामांनी ड्रायव्हर-कंडक्टर संबंधांवर दहा मिनिटं घेतली. गुरवाच्या पोरानं विचारलं, मग दुर्योधनानं हा सारथी दिलाच कसा? आणि त्या नारळाच्या पोत्यांवर कर्णाच्या नशिबाची जी चिरफाड झाली, तशी मी विद्यापीठाच्या चर्चासत्रातही ऐकलेली नाही. तिथं निबंध वाचले जातात. इथं वाक्य कुणालाच एकट्याला सुटत नव्हतं, म्हणून चौघांना एकमेकांची गरज होती. सोपी पोथी माणूस एकटा वाचतो. श्रीधराचा पांडवप्रताप मावशींनी घरी कैक वेळा वाचलाय. तो गोड आहे, त्यात अडायला होत नाही. पण त्यावर त्यांचं कुणाशी भांडण झाल्याचं त्यांना आठवत नाही.

इथं गुरुजींचं आणि माझं बिनसतं तेही सांगून टाकतो. पंतांची प्रत्येक आर्या या कष्टांच्या लायकीची आहे असं मला वाटत नाही. एकशे आठ रामायणं रचणारा माणूस सगळीच काही आतड्यातून रचत नसतो. त्यातलं निरोष्ठ रामायण घ्या. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरंच नाहीत. ‘राम’ म्हणायची सोय नसलेलं रामायण! ही तालमीतली कसरत झाली. बघावी, टाळी वाजवावी, घरी यावं. अवघड आहे म्हणून थोर आहे, असं होत नाही. सरकारी फॉर्म अवघड असतो. हे मी गुरुजींना एकदा बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, “तुम्ही ते सोडवून मग म्हणताय, की न सोडवता?” मी विषय बदलला. चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू लावून धरली होती, त्याला दीडशे वर्षं होत आली. पण खटला अजून चालूच आहे आणि गुरुजी बिनपगारी वकील.

स्पर्धा परीक्षेचा तरुण हा या वर्गातला खरा विरोधी पक्ष. केंद्राच्या परीक्षेला त्यानं मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतलेला. त्याच्या अभ्यासक्रमात महानुभावांचं ‘स्मृतिस्थळ’ आहे, रघुनाथ पंडितांचं ‘दमयंतीस्वयंवर’ आहे, हे कळल्यावर गुरुजींचे डोळे लकाकले. “आणि पंत?”

“पंत नाहीत, गुरुजी.”

“पूर्ण नाहीत की थोडे?”

“अजिबात नाहीत.”

त्या सोमवारी वर्ग लवकर सुटला. पुढच्या वेळी त्यानं सरळच विचारलं, की मग मी हे कशासाठी करू, उपयोग काय? गुरुजींनी ठेवणीतला दाखला बाहेर काढला. म्हणाले, “कुशिऱ्याकडनं गायमुखावरून चालत डोंगर चढून आलायस कधी?” तरुण म्हणाला, “गाडी वरपर्यंत येते की, गुरुजी.” गुरुजी गप्प झाले. घाटरस्ता झाल्यापासून मराठीतले डोंगर चढण्याचे सगळे दाखले निकामी झालेत, याची कुणीतरी साहित्यसंस्थेनं दखल घ्यायला हवी.

याच तरुणानं वर्गात मोबाइल आणला. आर्या टाइप केली की हा दोन सेकंदांत अर्थ सांगतो, म्हणाला. आम्हाला वाटलं, आता गुरुजी पोरासकट मोबाइल खिडकीबाहेर टाकतील. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “विचार.” मोबाइलनं घडाघडा अर्थ सांगितला. भाषा एकदम शुद्ध, कुठं अडखळणं नाही. मामा तर भारावून गेले. पण मावशींनी कपाळाला आठी घातली. “ह्यो तर कर्णाचं बोलणं शल्याच्या तोंडी घालतोय.” प्रत्यय बघितले. खरंच कर्ता चुकला होता. तरुणानं तसं टाइप केल्यावर मोबाइलनं तत्काळ माफी मागितली आणि तितक्याच ठामपणानं तिसराच कर्ता पुढं केला. गुरुजी खुर्चीतून उठले. “चुकतो, माफी मागतो, परत चुकतो आणि कंटाळत नाही! असा विद्यार्थी मला सगळ्या नोकरीत मिळाला नाही रे.” तेव्हापासून मोबाइल वर्गाचा कायमचा विद्यार्थी आहे. त्याला एका नारळाला टेकवून उभं करतात आणि सगळ्यांचं उत्तर झाल्यावर शेवटी विचारतात. बरोबर आलं की मावशी म्हणतात, “सुधारतंय पोर.”

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. घटस्थापना होती. नवरात्रात डोंगरावर गर्दी असते, त्यात एका उत्साही मंडळाची पोरं पेढे वाटत आली. फलकावर ‘अभीजात’ असं छापलेलं. जी वेलांटी दीर्घ पडली होती तिच्याकडं गुरुजींनी उदार मनानं दुर्लक्ष केलं. पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, “कशाबद्दल?”

“आपल्याला दर्जा मिळाला, गुरुजी!”

“मिळाला. कशावरून मिळाला?”

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. गर्दीत, ढोलांच्या आवाजात, गुरुजींनी त्यांना रंगनाथ पठारे समितीपासून गाथासप्तशतीपर्यंत सगळं सांगितलं. हाल सातवाहनानं माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा कशा जमवल्या, त्यात शेतकरी, वाटसरू, सासुरवाशिणी, चोरटी प्रेमं कशी आहेत, आणि ती गाथा म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली आर्याच, पंतांच्या आर्येची खापरपणजी. एका पोरानं धीर करून विचारलं, “म्हंजे मोरोपंत पण अभिजातच की?” गुरुजी म्हणाले, “पंत? त्या मानानं पंत कालचं पोर.” मग प्रत्येकाला विचारलं, यातलं तू काय वाचलंस? पेढ्यांचा अख्खा पुडा कट्ट्यावर ठेवून पोरं पुढच्या दुकानाकडं सरकली. गुरुजी पुड्याकडं बघत म्हणाले, “बघा, उत्तराऐवजी लाच.” मग एक खाल्ला. गोड आवडतं त्यांना.

इथवर सगळी गंमत होती. मग कागद आला.

कुठल्याशा कार्यालयाचा होता. वाटेवरचे गाळे आणि टपऱ्या हटवण्याविषयी. एका सकाळी दुकानांच्या फळ्यांवर चिकटलेला दिसला. डोंगरावर एकच कल्लोळ उडाला. यात्रा दोन महिन्यांवर, माल भरलेला, कर्ज काढलेलं. कुणी पुढाऱ्याला फोन लावला, कुणी देवाला साकडं घातलं. गुरुजी काठी टेकत आले, चष्मा सरसावला, कागद वाचायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज पसरलं ते बघून लोक चकित झाले. ‘सदर मार्गावरील’पासून सुरू झालेलं वाक्य सात ओळी वाहत होतं. त्यात ‘अन्वये’ होतं, ‘अनुषंगाने’ होतं, कार्यवाही ‘करण्यात येणार’ होती, जबाबदारी ‘निश्चित केली जाणार’ होती, नोंद ‘घेतली जावी’ असं होतं, आणि सातव्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम. कर्ता नाही. अध्याहृतही नाही. “वा!” गुरुजी उद्गारले. “पंतांनी निदान चौथ्या चरणात दिला असता!” दुकानदारांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

पाहणीला आले ते कार्यालयातले एक मध्यमवयीन कारकून. हातात फाइल, घामेजलेले, स्वभावानं गरीब. कागद आपण दिलेला नाही, आपण फक्त आणलाय, असा चेहरा. पुढारी बोलून गेले, आवाज चढले, त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढ्यात गर्दीतून दवण्याची पाटी बाजूला ठेवून मावशी पुढं झाल्या. हातात तोच कागद.

“सायेब, ह्यात हटवण्यात येनार म्हटलंय. हटवनार कोन?”

“म्हणजे... कार्यवाही करण्यात येणार आहे, मावशी.”

“कार्यवाही हे कर्म झालं. कर्ता दावा.”

गर्दी गप्प. कारकुनांनी कागद घेतला, वरून खाली वाचला, परत वाचला. “हे वरून आलंय,” ते म्हणाले.

“वरनं?” मावशींनी मान वर केली. “आमी डोंगराच्या माथ्यावर बसल्याव. आमच्या वर फकस्त शिखार हाय देवळाचं. त्येनं तर काय धाडल्यालं दिसत न्हाय.”

हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी बोट एकेका ओळीवर ठेवत विचारलं. जबाबदारी निश्चित केली जानार, कुनाची? नोंद घ्यावी, आमी घेतली, पन तुमच्याकडं आमची नोंद कोन घेनार? तारीख कुठल्या शब्दाला जोडलीया, हटवायला का कळवायला? हा शेवटचा प्रश्न ऐकून कट्ट्यावर बसलेल्या गुरुजींनी डोळे मिटले. विशेषण कुणाचं, हे मावशींना कर्णपर्वात तीन सोमवार समजत नव्हतं.

कारकुनांनी फाइल बंद केली आणि कागद दुरुस्तीला परत नेतो म्हणाले. दुरुस्त होऊन आला तेव्हा तो चार छोट्या वाक्यांचा होता. त्यात अधिकाऱ्याचा हुद्दा होता, सुनावणीची तारीख होती आणि म्हणणं मांडायची मुदत होती. गाळ्यांचं पुढं काय होणार हे अजून ठरायचंय. सुनावण्या चालू आहेत आणि मावशी प्रत्येक सुनावणीला कागद वाचायला जातात. दुकानदारांनी गुरुजींचा सत्कार करायचा घाट घातला. गुरुजी नाराज होते. “काय छान लांब वाक्य होतं,” ते म्हणाले. “मोडून चार तुकडे केले.” त्यांना तो कागद लिहिणाऱ्याला एकदा भेटायचं होतं.

पुढच्या सोमवारी अंधार पडता पडता दारात सावली आली. तेच कारकून. साध्या कपड्यांत, हातात नारळ. जोतिबाला आलो होतो, म्हणाले, बाहेरून आवाज ऐकला, बसलो तर चालेल का? मावशींनी नाक मुरडलं, पण सरकून पोत्यावर जागा करून दिली. तो मूळचा कागद यांनीच लिहिला होता, हे बोलता बोलता बाहेर पडलं. गुरुजींनी अशा आदरानं त्यांच्याकडं बघितलं, की माणूस संकोचला.

त्या दिवशीची आर्या वाईट होती. तीन समास, दोन संबोधनं आणि एक शब्द असा, की फोडला तर दोन अर्थ आणि नाही फोडला तर एकही नाही. गुरुजींनी ती दोनदा म्हटली, खडू खाली ठेवला आणि बोलले, “हं, शोधा.” मामांनी बोटं मोडली. गुरवाच्या पोरानं पहिला चरण धरला. मोबाइल नारळाला टेकून तयार होता.

कारकुनांनी फळ्याकडं एकदा बघितलं. मग उठून गेले आणि तिसऱ्या चरणातल्या समासाच्या मधल्या पदावर बोट ठेवलं. “कर्ता इथं आहे.”

खोलीत सामसूम. गुरुजींनी प्रत्यय तपासले. पुस्तकातली टीप काढून बघितली. मग चष्मा खाली घेतला.

“तुम्ही पंत कुठं शिकलात?”

“पंत? नाही हो. मी कॉमर्सचा.” कारकून परत पोत्यावर जाऊन बसले. “पण वीस वर्षं मसुदे लिहितोय, गुरुजी. कर्ता लपवायचा झाला तर मीसुद्धा तिथंच लपवला असता.”